मिटणारा पलंग

माणसं बाजारात जातात, गावाला जातात, काही भाग्यवान परदेशात जातात. मी भिंतीत जाऊन आलो आहे. एकदाच, पण चांगला पाऊण तास. दिंडोशीच्या एका वसाहतीत, तिसऱ्या मजल्यावर, भर दुपारी. आणि ती भिंत दुसऱ्या कोणाची नव्हती. तिचा नकाशा मी काढला होता, लाकूड मी निवडलं होतं आणि तिची कडी फक्त बाहेरूनच उघडावी ही अक्कलही माझीच.

हे ऐंशीच्या दशकातलं. मी चोवीस वर्षांचा, वजन अठ्ठेचाळीस किलो. (वजन लक्षात असू द्या, पुढे त्याच्यावरच सगळं अडणार आहे.) डिझाइनचा कोर्स करून नुकताच बाहेर पडलो होतो. अंधेरीला आमच्या दोन खोल्यांपैकी एका खोलीच्या एका कोपऱ्यात माझं ऑफिस होतं, म्हणजे एक ड्रॉइंग बोर्ड आणि त्याच्यावर आईने वाळत टाकलेले पापड. दाढी ठेवली होती. खांद्याला झोळी होती. बोलताना हात हवेत अशा रीतीने फिरवायचो की समोरच्याला खोलीत नसलेल्या भिंतीही दिसाव्यात. या जगात फार वाईट खुर्च्या आहेत आणि त्या सगळ्या मला बदलायच्या आहेत, असं मी भेटेल त्याला सांगत असे. आमच्या शेजारच्या काकू एकदा म्हणाल्या, "बाबा रे, आधी आमच्या संडासाची कडी बदल." मला त्या वेळी फार अपमान वाटला होता.

पहिलं काम मिळालं ते मोठ्या भावाच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याकडून. मी त्याला दादा म्हणायचो. दादा मूळचा मालवणकडचा. वडील इथे गिरणीत, आई आणि पोरं गावाला, अशा घरात वाढलेला. कॉलेजसाठी मुंबईला आला तोही मामाकडे, मुलुंडला. पुढे नोकरी लागली, लग्न झालं, आई गेली. संपानंतर वडिलांची गिरणी काही पुन्हा उघडली नाही. गिरणीजवळ एका गाळ्यात वडिलांसकट बारा गाववाले राहायचे, ते एकेक करून पांगले. तेव्हा दादाने दिंडोशीला एक खोली आणि स्वयंपाकघर असलेलं घर घेतलं आणि वडिलांना आपल्याकडे आणलं. आयुष्यात पहिल्यांदा बाप आणि मुलगा सलग एका छपराखाली राहणार होते.

आणि महिन्याभरात वडील म्हणायला लागले, मी गावाक जातंय.

"कारण सांगत नाहीत रे," दादा मला म्हणाला. आम्ही त्याच्या गॅलरीत उभे होतो. "विचारलं की म्हणतात, हय माजा काय काम? पण गावाला आहे कोण? घर बंद, चुलत्यांशी भांडण. आजारी पडले तर कोण बघणार? मला वाटतं, त्यांना स्वतःची अशी जागा नाही ना इथे. रोज रात्री हॉलमध्ये गादी घालायची, सकाळी उचलायची. पाहुण्यासारखं वाटत असणार. तू त्यांच्यासाठी काहीतरी झकास कर. स्वतःची जागा मिळाली की राहतील."

म्हणजे मला काम मिळालं होतं ते एका म्हाताऱ्याला मुंबईत थांबवण्याचं. पलंग हे निमित्त. पण हे मला तेव्हा कळलं असतं तर ही गोष्टच झाली नसती.

हॉल, म्हणजे तीच एकुलती खोली, दहा बाय बाराचा. त्याच हॉलमध्ये दुपारी दादाच्या बायकोचा, म्हणजे वहिनींचा, शिवणक्लास चाले. तीन पायमशिनी, एक कापायचं मोठं टेबल आणि वसाहतीतल्या पाच-सहा बायका. वहिनी स्पष्ट बोलणाऱ्या. "भावजी, तुम्ही काय वाटेल ते करा, पण सकाळी आठनंतर हॉल मला मोकळा पाहिजे. मला कापड पसरायला जमीन लागते. आणि गाद्याबिद्या ठेवाल त्याला हवेसाठी भोकं पाडा, नाहीतर कुबट वास मारतो." मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, बाई व्यवहारी आहेत, यांना सौंदर्यदृष्टी नाही. पुढे ज्या हवेवर मी जिवंत राहिलो ती याच भोकांतून आली.

मी शास्त्रशुद्ध माणूस. घरातल्या प्रत्येकाची दिनचर्या लिहून घ्यायची, असं आम्हाला शिकवलं होतं. मी तक्ता आखला. दादाची दिनचर्या दादाने सांगितली, वहिनींची वहिनींनी. काका, म्हणजे दादाचे वडील, तेव्हा घरात नव्हते. दिवसा ते बहुतेक नसायचेच. मग त्यांच्या रकान्यात काय लिहायचं? मी दादाला विचारलं. दादा म्हणाला, "म्हाताऱ्या माणसाचं काय असणार? रात्री दहा ते सहा झोप, मग देवपूजा, फिरणं." मी तसंच लिहिलं, सुंदर अक्षरात. ते अक्षर पाहून कोणाचीही खात्री पटली असती.

आणि मग मला साक्षात्कार झाला. पलंग भिंतीत मिटवायचा! रात्री कडी काढली की भिंतीतून साडेसहा फुटी पलंग आडवा खाली येणार, सकाळी एका बोटाने वर. दिवसभर त्या जागी फक्त गुळगुळीत, पॉलिश केलेली लाकडी भिंत. पलंगाचा मागमूस नाही. झोपणाऱ्याचाही नाही.

तो लोखंडी सांगाडा मी साकीनाक्याच्या एका गाळ्यात करून घेतला. वेल्डिंग करणारा उस्ताद फार कमी बोलायचा. वहिनींना एका बोटाने उचलता आला पाहिजे, असा माझा हट्ट, म्हणून त्याने रिक्षाच्या शॉकअॅब्सॉर्बरच्या चार स्प्रिंगा लावल्या. चाचणी घेतली तेव्हा पलंग असा काही सणकन वर गेला की गाळ्यातली दोन कबुतरं उडाली. उस्ताद चष्मा वर करून म्हणाला, "साहब, स्प्रिंग जोरदार है. हलका आदमी होगा तो ऊपर ले लेगा."

मी म्हणालो, "झोपणाऱ्याचं वजन असतंच ना!"

"आदमी बाहर की तरफ सोएगा तो ठीक. दीवार की तरफ गया तो..." त्याने दोन्ही तळवे एकमेकांवर टाळीसारखे मिटले आणि तो पुन्हा ठिणग्यांकडे वळला.

कारागिराला फार महत्त्व द्यायचं नाही, एवढा डिझाइनर मी तोवर झालो होतो.

पलंग बसला. दादा खूश. वहिनी एका बोटाने तो वरखाली करून शेजारणींना दाखवायच्या. मीच फक्त रोज रात्री वाट पाहत होतो, कोणीतरी येऊन माझा सत्कार करील म्हणून. पंधरा दिवसांनी मला कळलं की घरसजावटीचं एक मासिक लहान घरांच्या फोटोंचा अंक काढतंय. मी भावाचा कॅमेरा घेतला आणि दुपारी दिंडोशीला धडकलो.

दार वहिनींनी उघडलं. घाईत होत्या. "बरं झालं आलात. क्लास दोनला आहे. अस्तर आणि बटणं संपलीत, मी पटकन बाजारातून येते. बाबा फिरायला गेलेत. तुम्ही तुमचे फोटो काढा, जाताना दार ओढून घ्या." दारापर्यंत जाऊन त्या वळल्या. चेहरा पडलेला होता. "आणि भावजी, तुम्हाला म्हणून सांगते, बाबांनी एसटीचं तिकीट काढलंय. शुक्रवारचं. ह्यांनी तुम्हाला सांगितलं नसेल, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"एवढा पलंग करून?" मी म्हणालो.

"एवढा पलंग करून," वहिनी म्हणाल्या आणि गेल्या.

खरं सांगतो, मला त्या क्षणी म्हाताऱ्याचं काही वाटलं नाही. मला त्यांचा राग आला. एवढी सुंदर वस्तू आणि माणूस तिला सोडून चालला? मी तिरमिरीतच पलंगाकडे वळलो. त्याच्याजवळ जमिनीवर एक पाटा ठेवलेला होता. मसाला वाटायचा काळा दगडी पाटा, वरवंट्याशिवाय. दगडाला फडकं गुंडाळलेलं होतं. माझ्या स्वच्छ, आधुनिक फोटोत पाटा! मी दोन्ही हातांनी तो उचलला आणि धापा टाकत स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. मग कडी काढली, पलंग खाली घेतला, बाहेरच्या कडेवर ढोपर दाबून धरला, चादर ताणली, दोन फोटो काढले. मग वाटलं, चादरीला तिकडे भिंतीच्या बाजूला एक सुरकुती आहे. ती काढायला मी पलंगावर चढलो, भिंतीकडे सरकलो आणि सवयीने आडवा झालो. आपल्या कामावर एकदा पडून पाहण्याचा मोह कोणाला होत नाही?

पलंगाने एक सुस्कारा सोडला. सांगतो ते खरं आहे, स्प्रिंगांचा आवाज अगदी तसाच होता. छत तिरकं झालं. कॅमेरा माझ्या छातीवर आला. मी "अरे, अरे" म्हणालो, जणू समोर कोणी ऐकणारं होतं. आणि खट्ट.

ती कडी. आपोआप लागणारी. बाहेरून उघडणारी.

आता माझी स्थिती ऐका. एका कुशीवर उभा आडवा. पाठीला गादी, नाकाला भिंत. वडापावातला वडा निदान गरम तरी असतो. डावा हात शरीराखाली गेला होता, उजवा कॅमेऱ्यासकट हनुवटीखाली. वळायला जागा नाही, कारण जागा वाचवण्याच्या नादात मी पेटीची खोली चौदा इंचांवरून बारावर आणली होती आणि त्या दोन इंचांचा मला फार अभिमान होता. अंधार आणि फेविकॉलसारखा तो ओला लाकडी वास. पायांकडून थोडा उजेड येत होता, वहिनींच्या भोकांतून. एक भोक नेमकं माझ्या डोळ्यापासून वीतभर अंतरावर, गादीच्या कडेला होतं. मान मोडेस्तोवर ताणली की त्यातून हॉलचा एक रुपयाएवढा तुकडा दिसायचा. त्यात टेबलाचा पाय आणि एक पडलेली टाचणी.

पहिली पाच मिनिटं मी स्वतःला हसलो. पुढची पाच मिनिटं ओरडलो. वसाहतीत दुपारी एक वाजता रेडिओ लागलेले असतात, त्यामुळे माझं ओरडणं त्यात कुठेतरी मिसळून गेलं असावं. मग घाम यायला लागला. मग एका विचाराने खरी भीती वाटली. वहिनी बाजारात कोणाशी बोलत थांबल्या तर? आत हवा किती? आणि मी सापडलोच नाही तर? दिवसभर कोणी या भिंतीला हात लावणार नव्हतं. ती गुळगुळीत, निरोगी, काही झालं नसल्यासारखी दिसणार होती. आत माणूस आहे हे बाहेरून कळू नये, हाच तर माझा विचार होता. तो उत्तम उतरला होता.

माणूस असा अडकला की त्याला हिशेब मांडायची सवय लागते. मी स्वतःला विचारलं, हा पलंग मी केला कोणासाठी? दादासाठी, कारण त्याने काम दिलं. वहिनींसाठी, कारण त्यांना जमीन हवी होती. मासिकाच्या संपादकासाठी, ज्याला मी कधी पाहिलंही नव्हतं. आमच्या कोर्सातल्या त्या एका मास्तरांसाठी, ज्यांनी माझी खुर्ची वर्गासमोर उलटी टांगली होती. सगळे एकेक करून त्या काळोखात हजेरी लावून गेले. ज्याला यावर झोपायचं होतं, तो तेवढा आला नाही. त्याचा चेहराही मला नीट आठवेना. फक्त उंची आठवत होती, पाच फूट चार इंच. तक्त्यात लिहिली होती.

तेवढ्यात दाराचं कुलूप वाजलं. चपला काढल्याचा आवाज. सावकाश पावलं. माझ्या भोकात दोन पाय आले, काटक्यांसारखे, धोतराखालून.

"काका!" मी किंचाळलो.

पाय जागच्या जागी उडाले. "कोण आसा रे?"

"मी! डिझाइनर! भिंतीत!"

मग पाय जवळ आले. पलंगावर, म्हणजे माझ्या पाठीवर, दोन टकटका बसल्या.

"तू आत कसो गेलंस?"

"आडवा झालो होतो, काका. उघडा लवकर. वरची कडी डावीकडे दाबा."

"माका म्हाईत आसा कडी खंय ती." आवाज शांत होता. मग एकदम, "हयचो पाटो कोणी हलवलो?"

माझं तोंड भिंतीकडे होतंच, ते मी तसंच ठेवलं.

"तू हलवलंस? अरे, तो पाटो मी काठार ठेवतंय. पाटो नसलो तर तुजो पलंग माका घेवन वर जाता. दुसऱ्याच रातीक गेललंय मी अर्धो वर. भिंतीक धरून थांबलंय म्हणान वाचलंय. तेव्हापासून पाटो घेवन काठार निजतंय. कूस बदलूची भीती."

"मला सांगायचं तरी, काका!"

"तू इचारलंस काय?"

मला वाटलं, आता कडी दाबतील. त्याऐवजी खुर्ची ओढल्याचा आवाज आला. पाय खुर्चीसमोर नीट मांडले गेले. म्हातारा माझ्यासमोर बसला होता.

"उघडतंय," काका म्हणाले. "पण आदी माजा आयक. बाहेर इलंस की तू बोलतलंस. हात हलवन हलवन बोलतलंस. माका मधी बोलूक गावाचा नाय. आता तुजे हात आत आसत."

सांगा, मी काय करणार होतो?

"तू हय चार वेळा इलंस. पट्टी घेवन इलंस. भिंत मोजलंस, खिडकी मोजलंस, दार मोजलंस. झिलाक इचारलंस, सुनेक इचारलंस. माका काय इचारलंस?"

"उंची विचारली होती, काका."

"उंची तिरडी बांधणारो इचारता. मी निजतंय कधी, ता इचारलंस?"

"रात्री, काका. दहा ते..."

"एकतीस वर्सां रातपाळी केलंय मी!"

काका बोलत राहिले, आवाज न चढवता, आणि मला सगळं एकदम दिसलं. एकतीस वर्षं रात्री बाराला पाळीवर जायचं, सकाळी गाळ्यात परतायचं. तिथे दिवसपाळीवाला नुकताच उठून गेलेला असायचा, त्याच्या वळकटीवर काका पडायचे. वळकटी कधी थंड झाली नाही, असं ते म्हणाले. शरीराला तीच सवय. रात्री झोप येतच नाही. रात्रभर ते त्या पाट्याशेजारी, काठावर, अंधारात डोळे उघडे ठेवून पडून राहायचे, घरच्यांची झोप मोडू नये म्हणून कूस न बदलता.

"सकाळी आठाक माजे डोळे मिटूक लागतत," काका म्हणाले, "आणि तेवाच तुजो पलंग मिटता."

मग दिवसभर कुठे? वसाहतीच्या बागेतल्या बाकावर. बसल्या बसल्या डोळा लागला की वॉचमन काठी वाजवायचा. एकदा तर शेजारच्या दोघांनी प्यायलेला समजून घरापर्यंत आणून सोडलं होतं. काकांनी आयुष्यात चहापेक्षा कडक काही घेतलेलं नव्हतं.

"पण दादाला हे माहीत नाही?" मी विचारलं.

"तेका कसा म्हाईत असतला? तो गावाक, मी हय. वर्साक एक म्हयनो रजेर जायचंय. दिवसा निजायचंय, तर तेची आवस पोरांक सांगायची, बाबा दमले हत. एकतीस वर्सां मी दमलेलोच दिसलंय तेका."

"मग सांगा ना त्याला!"

"झिलान हौसेन केल्यान घर. दिवसाढवळ्या म्हातारो घोरता म्हणान त्या बायका हसतीत. सुनेचो क्लास मोडतलो. त्यापेक्षा गाव बरो." खुर्ची करकरली. "आता तू सांग. आत कसा वाटता?"

"वाईट, काका."

"व्हय," ते म्हणाले. फार समाधानाने म्हणाले.

आणि नेमक्या त्याच वेळी दार उघडून वहिनी आल्या, मागून क्लासच्या बायका. त्यांना काय दिसलं असेल याची कल्पना करा. सासरे भिंतीसमोर खुर्ची टाकून बसलेत आणि भिंतीशी गप्पा मारतायत. एका बाईंनी तर देवाचं नाव घेतलं. काका उठले, कडी दाबली, आणि मी घामाने निथळत, दाढीत लाकडाचा भुसा, गळ्यात कॅमेरा, अशा थाटात त्या सहा बायकांसमोर अवतीर्ण झालो. रंगभूमीवर असा प्रवेश कोणाला मिळाला नसेल. मी उठून उभा राहिलो आणि पलंग लगेच मागे सण्णकन वर गेला. सगळ्या एकदम किंचाळल्या.

मी वहिनींना म्हणालो, "वहिनी, काका रात्री झोपत नाहीत. ते दिवसा झोपतात." दोन हातांनी सांगितलं, बडबडून सांगितलं, काका "गप रे" म्हणत असताना सांगितलं.

वहिनींनी हातातली पिशवी खाली ठेवली. "बाबा, खरं?"

काका खिडकीबाहेर बघत राहिले.

"अहो, मग बोलायचं नाही का? मी रोज तुम्हाला आठला बाहेर पाठवतेय! मला वाटलं, तुम्हाला फिरायला आवडतं!" आणि वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्या रागावूनच बोलत होत्या. "आता मी काय करू? क्लास कुठे घेऊ? मशिनी बंद ठेवून का शिवणार आम्ही?"

"मशिनी कित्याक बंद?" काका वळले. "माका आवाज लागता. गाळ्याच्या खालीच माग होते. सामसूम झाली की जाग येता."

पहिल्यांदाच मी तोंड मिटलं आणि खिशातून वही काढली. "काका, तुम्हाला कुठे झोपायला आवडेल?"

काकांनी हॉलभर नजर फिरवली. मग कापायच्या टेबलाकडे बोट केलं. टेबलाच्या खाली.

मी हादरलो. टेबलाखाली! माणसाला टेबलाखाली झोपवायचं? तेही मी? कुठल्या मासिकात येणार ते? पण काका वाकून आत गेले, पाय लांब केले आणि म्हणाले, "हयसर उजेड नाय. अंगार कोण पाय देवचो नाय. पायाकडे वारो येता." म्हणजे त्यांनी जागा आधीच पारखलेली होती. घरात कोणी नसताना कितीतरी वेळा.

मी त्या संध्याकाळीच साकीनाक्याला गेलो. उस्तादाला सांगितलं की चार पायांची, नऊ इंच उंचीची लोखंडी बाज पाहिजे, सुतळीने विणलेली. टेबलाचे पाय सहा इंच वाढवायचे. स्प्रिंग नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं, काहीही विचारलं नाही आणि दोन दिवसांत बाज करून दिली. वहिनींनी टेबलाच्या दोन बाजूंना जुन्या साडीचा पडदा शिवला. दादाला नुसतं ऐकून पटलं नव्हतं आणि काका तिकीट परत करायला तयार नव्हते.

बाज टेम्पोतून आली ती शुक्रवारी दुपारी. एसटी चारची, बोरिवलीहून. दादा अर्ध्या दिवसाची रजा काढून तीनला येणार होता, वडिलांना पोचवायला. काकांची ट्रंक दाराशी बांधून ठेवलेली. ते म्हणाले, आणली आहेसच तर मेहनत फुकट नको, जरा पाठ टेकून बघतो. "पाच मिन्टां." वहिनींनी क्लास सुरू केला. तीन मशिनी एकदम धडधडायला लागल्या, वरून कात्री चालायला लागली, आणि पाच नाही, दोनच मिनिटांत पडद्यामागून घोरण्याचा आवाज आला. साधासुधा नाही. एकतीस वर्षांचा.

बायका एकमेकींकडे बघून हसायला लागल्या, तोंडाला पदर लावून. मग एका बाईंचा दोरा तुटला. मशीन थांबलं आणि घोरणंही अडखळलं. वहिनींनी डोळे मोठे केले. "चालवा, चालवा!" त्या कुजबुजल्या. "दोरा नसला तरी चालवा!"

तीन वाजता दादा आला. दारात बूट काढता काढता थांबला. त्याने पडद्याखालून बाहेर आलेल्या वडिलांच्या तळव्यांकडे पाहिलं.

"बाबांना उठवू?" वहिनींनी विचारलं.

दादा पडद्याजवळ वाकला. "दिवसा इतके गाढ झोपतात?" त्याने हळूच विचारलं, जणू कोणा परक्या माणसाबद्दल. मग घड्याळाकडे पाहिलं, ट्रंकेकडे पाहिलं. एक बाई पाणी प्यायला उठली होती. दादा तिच्या जागी मशीनवर बसला, शर्टाची बाही वर केली आणि कापड नसलेलं मशीन पायाने चालवायला लागला. थोड्या वेळाने दुसऱ्या मशीनवर मला बसवलं. माझा ताल चुकत होता, म्हणून बायकांच्या टोमण्यांचा भडिमार झाला, पण सगळा कुजबुजून. साडेतीन झाले. चार झाले. बोरिवलीहून एसटी सुटली असेल. मशिनी चालत राहिल्या. माझ्या पोटऱ्या भरून आल्या होत्या.

पाचला बायका घरी गेल्या आणि आवाज थांबला. तसा पडदा हलला. काका बाहेर आले, केस विस्कटलेले, गालावर सुतळीची नक्षी उमटलेली. त्यांनी दादाला मशीनवर पाहिलं. घड्याळाकडे पाहिलं. ट्रंकेकडे पाहिलं. दादा मान खाली घालून चाकावर हात ठेवून बसला होता, लहानपणी काहीतरी फोडल्यावर मुलं बसतात तसा.

काका माझ्याकडे वळले आणि करड्या आवाजात म्हणाले, "ह्या काय केलंस? हय चष्मो ठेवूक जागा नाय."

मी पेन्सिल काढली. "कुठे पाहिजे, काका? उशाला की डाव्या हाताला?"